खोक्यावरचं चित्र

— हो, हीच किल्ली, मॅडम, फक्त उलटी फिरवायची. उलटी म्हणजे डावीकडे, आणि फिरवताना दार जरा उचलून धरायचं. नाही, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. कुणासाठी लिहून ठेवणार? तिघंच तर होतो आम्ही — मी, मजकूर लिहिणारी आमची मास्तरीण आणि चित्रं करणारा लंबू. एकोणीस वर्षं या कंपनीच्या हीटरची जी काही जाहिरात झाली, खोकी म्हणा, माहितीपत्रकं म्हणा, दुकानातले फलक म्हणा, ती सगळी या एका खोलीतून. मालकांनी बाहेरच्या एजन्सीला दोनदा बोलावलं होतं, ठाऊक आहे? दोन्ही वेळा मीच परत पाठवलं. म्हटलं, बाहेरच्यांना आपला हीटर काय कळणार, त्यांना चालू कुठून होतो ते तरी माहीत आहे का? मालक खूश. आणि आता तुम्ही एजन्सीकडून आलात यादी घेऊन, सगळं ताब्यात घ्यायला. घ्या, घ्या. राग नाही हो. खरंच नाही. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो.

पुढे काय आहे यादीत? मंजुरीची कागदपत्रं. ती या खणात. प्रत्येक कामाला एक कागद, कागदावर तीन चौकोन — मजकूर, चित्र, अंतिम. मजकूर मास्तरणीने तपासायचा, चित्र लंबूने, आणि शेवटची सही माझी. ही पद्धत मीच बसवली. मास्तरीण का म्हणतो? अहो, ती मालकांच्या चिठ्ठ्यासुद्धा सुधारून परत पाठवायची, लाल पेनाने! मालक हसायचे. अकरा वर्षं आहे ती इथे. होती म्हणायचं का आता? आज चार वाजता मालकांच्या खोलीत त्या खोक्याबद्दल जबाब लिहून घेणार आहेत. माझा आणि तिचा. माझा तयारच आहे, फक्त सही राहिलीय. त्यानंतर तिला घरी पाठवतील, बहुतेक आजच. आणि पुढे पोलिसांनी विचारलं तर हाच कागद दाखवतील, तिच्या सहीचा. बघा ना, चित्राच्या चौकोनात तिचीच सही आहे.

लंबूची का नाही? बरोबर, तुम्ही विचारणारच. लंबू उन्हाळ्याच्या सुरुवातीला सोडून गेला, बायकोची बदली झाली म्हणून. त्याच्या जागी माणूस घ्यायचा, तर मालक म्हणाले, तुम्हा दोघांना जमतंय की. आणि मी — मीसुद्धा हेच म्हणालो, मॅडम. जमतंय. तिसरा आणला तर त्याला सगळं समजावत बसा, तो आपल्याला प्रश्न विचारणार, हे असंच का आणि ते तसंच का. नकोच ते. मी मास्तरणीला म्हटलं, चित्राच्या चौकोनातही तूच करत जा सही, नुसता उपचार आहे. ती म्हणाली, दादा, मला चित्रातलं काय कळतं? मी म्हटलं, डोळे आहेत ना तुला? झालं. तिला दुसऱ्याच्या चुका सुधारायची सवय असेल, मला मोठ्या माणसांना गप्प बसवायची आहे.

ते खोकं बघायचंय तुम्हाला? सगळ्यांनाच बघायचं असतं. बाजारातून उचलून आणली सगळी, पण एक आहे इथे. हे. नव्या गॅस हीटरचं. हिवाळ्याच्या आधी दुकानात पोचवायची घाई होती. छान आहे ना चित्र? आलेला प्रत्येक जण आधी हेच म्हणतो. ही माझी मुलगी. हो, माझीच, आणि पलंगावर झोपलाय तो माझा नातू, सात महिन्यांचा होता तेव्हा. खोली माझ्याच घरातली. आम्ही नेहमी असंच करायचो. लंबूची आई आमच्या चार माहितीपत्रकांवर आहे, मास्तरणीचा नवरा एका फलकावर भिंतीला टेकून उभा आहे, तोंड असं करून, जणू त्याला कुणी उधारी मागितलीय. घरची माणसं, घरचा कॅमेरा. मुलगी चार दिवसांसाठी आली होती, मी तिसऱ्या दिवशी दुपारी फोटो काढले. हीटर पेटवलेलाही नव्हता, बरं का! हा जो लाल उजेड दिसतोय तो मी नंतर संगणकावर भरला, लंबूला फोनवर विचारून विचारून. त्याने तीन वेळा फोन ठेवला. आणि बाळाला खोकला होता म्हणून मुलीने खिडकी लावून घेतलेली. ही बघा, पडद्याच्या मागे. कडी लागलेली स्वच्छ दिसतेय.

या हीटरला खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोलीत विषारी वायू साचतो. आतल्या पत्रकात लिहिलंय, मास्तरणीने जाड अक्षरात लिहिलंय, तिसऱ्या पानावर. तिच्या मजकुरात काही खोट नाही. पण पत्रक वाचतं कोण? मी वाचतो का माझ्या घरातल्या मिक्सरचं? माणूस खोकं बघतो. ते दोघं नवरा-बायको, शिवणकाम करणारे, एका खोलीत राहणारे. हीटर घेतला, खोकं चांगलं जाड होतं म्हणून कापडाचे तुकडे ठेवायला भिंतीशी ठेवलं. दुपारी जेवून हीटर पेटवला, खिडकी लावून घेतली आणि आडवे झाले. धूर नाही, वास नाही, कळतच नाही काही. बाई शेजारणीने दार ठोठावल्यावर कशीबशी उठली. तो नाही उठला. ती आली होती चौकशीला. रडली नाही, ओरडली नाही. हे खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "यात होतं तसंच केलं आम्ही." एवढंच. मालक माझ्याकडे बघत होते. मी खोक्याकडे बघत होतो. खोक्यावर माझी मुलगी हसत होती.

तिला अजून सांगितलेलं नाही. फोनवर विचारत होती, बाबा, आमचं खोकं दुकानात दिसत नाही हल्ली? म्हटलं, रंग जरा चुकला होता. तिला काय सांगू? तुझ्या लेकराचा फोटो बघून एक माणूस —

पाणी घेता?

तर मी काय म्हणत होतो. कुणाच्याच लक्षात आलं नाही. जबाबात मी तेच लिहिलंय, आणि ते पटण्यासारखंही आहे. पलीकडच्या शेडमध्ये तपासणीचे साहेब बसतात, खिशात सदैव पाना, म्हणून आम्ही त्यांना पानासाहेब म्हणतो. इथून चाळीस पावलं. पूर्वी प्रत्येक खोकं त्यांच्याकडे जायचं. पण ते कागद दोन-दोन आठवडे दाबून ठेवायचे, मग हळूहळू पाठवणं बंद झालं. आपलंच तर आहे सगळं, त्यात काय दाखवायचं! तुमच्यासारख्यांनी केलं असतं तर तुम्ही दाखवलं असतं. त्यांना, मालकांना, अजून चार जणांना. वैताग आणला असता. पण मी या खोलीत बसून रोज एकच विचार करतो, मॅडम, की तुम्हाला ते बाळ कुणाचं आहे हे माहीत नसतं. तुम्हाला त्याचं जावळ दिसलं नसतं, त्याने झोपेत मूठ कशी धरलीय ते दिसलं नसतं. तुम्हाला खोली दिसली असती. खोलीत खिडकी दिसली असती. आम्हाला कुणालाच खिडकी दिसली नाही, आम्ही सगळे बाळच बघत होतो. मास्तरीण तेवढी उभी राहिली इथे, तुम्ही बसलात तिथेच, नमुना हातात धरून, आणि म्हणाली, दादा, खिडकी बंद दिसतेय हो. मी म्हटलं, अगं, बघणारा बाळ बघेल की खिडकी? ती म्हणाली, पण मी आत लिहिलंय उघडी ठेवा म्हणून. मी म्हटलं, लिहिलंयस ना? मग झालं. उद्या सकाळी मुलगी परत जातेय, पुन्हा फोटो कुठून काढू? कर सही. ती थांबली जरा. मोठ्या माणसासमोर थांबतात तशी. आणि केली सही, या चौकोनात, आणि मग —

काय म्हणालात?

नाही. नाही नाही, तसं नाही. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, कुणाच्याच लक्षात आलं नाही. तसं काही ती बोलली असेल तरी ते सहज, जाता जाता. जाता जाता माणूस काय काय बोलतो. लेखी दिलंय का तिने कुठे? नाही दिलं. देणार कशी, समोरासमोर तर बसायचो आम्ही. ती स्वतः आज काय सांगेल? सांगेल तिला सांगायचं ते. तिच्या सांगण्यापुढे माझं सांगणं. एकोणीस वर्षांचं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी, मॅडम. तीन. आणि मुलीला मी काय सांगायचं ते तुम्ही येऊन सांगणार आहात का? की मला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तुझी गाडी सकाळची होती म्हणून मी ऐकलं नाही?

ते लिहू नका. ती वही मिटा आधी. यादीत हे नाहीये. यादीत किल्ली आहे, मंजुरीचे कागद आहेत, फोटोंच्या फायली आहेत, सगळं तुम्हाला मिळालं. खोकं पण घेऊन जा हवं तर.

मालकांना सांगाल? सांगा ना. खुशाल सांगा. आत्ता जा, ते बसलेत वर, पंचवीस मिनिटं आहेत अजून चारला. पण एक ध्यानात घ्या, तुम्ही आज आलेल्या, बाहेरच्या. आणि बाहेरचं माणूस काही सांगायला आलं की या कंपनीत त्याचं कुणी ऐकून घेत नाही. ती सवय मीच लावलीय त्यांना. उठा, मॅडम. मला सही करायला जायचंय.