पारकरसायबाचा गुत्ता

सरका म्होरं, शेकोटीजवळ. आन् ऐका. खिंडीतली जुनी वाट गावानं का मोडली, ते सांगतो.

हैबती लोहाराची लेक मंजुळा खिंडीपल्याडच्या गावात दिलेली. पहिलटकरीन. दिवस मावळला आन् सांगावा आला, पोर अडलीया, लवकर या. निघाला गडी! एकटा, काळोखात. गाडीवाट लांबची, म्हनून खिंडीची वाट धरली. आन् त्याच वाटंवर पारकरसायबाचा गुत्ता.

पारकर म्हंजी आपल्यातला न्हवं हो, विलायतेतला! गोऱ्यांची छावनी हुती तवा त्येनं दारूचं दुकान काढलं. त्येच्या गावी बापजाद्यांचं असंच हुतं म्हनं. म्हनून तसंच उतरतं छप्पर, भिंतीत तशीच मोठी चूल, दारावर पांढऱ्या हरनाचं चित्र काढलेली टांगती पाटी. छावनी उठली, सायब न्हाई उठला. गाडीवान येवो, मेंढका येवो, जात न इचारता एका बाकावर बसवायचा. मग पलेग आला. गाव रानात झोपड्यांत गेलं. सायब दिवा लावून वाट बघत ऱ्हायला. कोनी गेलं न्हाई. मेला, तरी कोनी गेलं न्हाई.

हैबतीच्या टायमाला नुसत्या भिंती उरलेल्या. पाटी तर कवाच कुजलेली. आन् त्या राती पाटी वाजली की! कर्रर्र... कर्रर्र... वारं न्हाई, पान हालत न्हाई. भिंतींत उजेड. आतनं आवाज आला, "ये. बस."

हैबतीनं मान खाली घातली, झपाझप निघाला. वळन घेतलं, तर म्होरं पुन्यांदा गुत्ता! वरच्या अंगानं गेला. पुन्यांदा गुत्ता! आता दार सताड उघडं, आत जाळ धडाडलेला. गारठ्यानं पाय लाकडागत झालेले. जरा शेकावं म्हनला, आन् उंबरा वलांडला. तितंच चुकला!

बाक भरलेला. समदे हसतायत, बोलतायत. सायबानं हातात पेला दिला. आन् शेजारी कोन? धाकला भाऊ चंदर! मागं ह्याच वाटंवर मरून पडलेला गावला हुता त्यो. हैबतीचा ऊर भरून आला. दोघं बोलत बसले. ल्हानपनीचं, आईचं. किती बरं वाटलं त्येला, काय सांगू!

मग चंदर म्हनला, "दादा, निघाला हुतास कुटं?"

"मी? कुटं बरं..." हैबतीला आठवंना!

"लेक हाय न्हवं तुला? नाव काय तिचं?"

आठवंना, बाबांनो! पोटच्या पोरीचं नाव आठवंना! चंदर कळवळून म्हनला, "आरं, आईचं नाव ठिवलंयस की तिला!"

"मंजुळा!" हैबती वरडला.

तशी ऊब गेली. जाळ तसाच, पर ऊब न्हाई. पेल्यात माती. उठून धावला, तर दारात सायब. रागावला न्हाई, बरं का. नुसतं मनगट धरलं. हात गारेगार. म्हनला, "थोडं बस. हितं कोनी येत न्हाई."

"सायब, लेक अडलीया माजी!"

हात सुटंना. तवा चंदर उठला. सायबाच्या हातात आपला हात दिला. "मी हाय की, सायब. त्येला जाऊ द्या."

मनगट सुटलं. "तूबी चल!" हैबती म्हनला. चंदरनं मान हालवली. "पळ, दादा."

पळाला. काट्याकुट्यांतनं, ठेचकाळत, रडत. तांबडं फुटताना लेकीच्या दारात येऊन पडला, तर आत बाळ रडत हुतं. दोघी सुखरूप, मंजुळा आन् तिची पोर.

सायबानं धरलेल्या त्या हातात पुन्यांदा लोहारकीचा घन पेलला न्हाई. पर ते काय न्हाई. कैक वर्सं हैबती सांजच्याला खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभा ऱ्हायचा. बायको हाताला धरून घरी आनायची. शेवटी गावानं काटेरी फांद्या टाकून वाटच मोडली.

म्हनून सांगतो, ऐका. भ्या वाटलं की मानूस पळतो. तितं भ्या वाटत न्हाई, बरं वाटतं. त्या वाटंला जाऊ नगा.