मांडवापुरता आवाज

न्हाय न्हाय, ते लाइटवालं स्पीकरचं मशीन नको — लाल-निळं पेटतंय, लगीन हाय का तमाशा? साधं दाखवा, शहबाजभाय. साधं पन देखणं. म्हंजी बघा, पाटावर नुसतं ठिवलं तरी चार मानसांत शोभलं पायजे, फोटूत आलं तर लाज वाटाय नको — आन् बटनं कमी. माझी बोटं ही असली, उसाच्या पाचटानं चिरलेली, त्या बारक्या टिकल्या दाबत न्हाईत मला. एक चालू-बंदचं, एक आवाजाचं, बास. पेनड्राइव्हमदी सनई भरा, मंगलाष्टका भरा, तिसरं काय नको. — डीजे? न्हाय ओ. डीजे एकदा झाला. त्या डीजेनं दारावरच्या पत्र्याचं खिळं ढिलं झालं हुतं. युवराज माझा, सोता नवरदेव, आन् दोन तास नाचला, फेटा सुटला तरी नाचला. — व्हय, पोरगा माझा. न्हाय, त्याचं न्हाय लगीन, पोरीचं हाय. म्हनलं न्हवं मगाशी, पोरीचं. येत्या गुरवारी, सकाळच्या पारी, घराम्होरं मांडव, पन्नासेक मानसं. पाव्हणं सांगवीचं, बारामतीकडचं.

हे पांढरं बघू. हां, हे बरं दिसतंय — आवाज किती लांब जातो, आसं मी इचारतच न्हाय. मला उलटं पायजे. मांडवात ऐकू यावं आन् आतल्या खोलीत जाऊ नये. हाय का आसं एखादं? हसू नका. मदी माजघर हाय, मग भिंत, मग ती खोली. खिडकी बी मांडवाच्या अंगाला न्हाय, मागं गोठ्याकडं हाय. पावलं टाकून बघितलंय मी, बावीस भरत्यात. — आत? आत युवराजची आई आसनार. ती मांडवात यायची न्हाय. ती म्हनली, "माझ्या दारात सनई वाजली की मी कडी लावून घेनार, मग मला कुनी हाका मारायच्या न्हाईत." — न्हाय ओ, आजारी-बिजारी न्हाय.

आता तुमच्यापासनं काय लपवायचं. पोरगी म्हनलं मी, पन ती आमची सून हाय. रेश्मा. युवराजची बायकू. युवराज गेला — तीन वर्सं झाली. लोणी देवकरला कंपनीत हुता, पाळी सुटली, फटफटीवर घराकडं येत हुता, रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडल्याली, मागं लाल दिवा न्हाय का दगड लावल्याला न्हाय. संपलं. त्याची छकुली तवा अकरा म्हैन्याची, भिताडाला धरून उभी ऱ्हायला लागली हुती. आन् रेश्मा तेवीसची. तेवीस म्हंजी काय वय हाय का, तुमीच सांगा — तुमची भन आसंल तेवढी. तिला आई-बाप न्हाईत, चुलत्यानं वाढवलेली. कुठं जानार? ऱ्हायली आमच्यात. धारा काढती, शेरडांचं बघती, माझी बीपीची गोळी हातावर ठिवती, म्हनती, "आबा, पान्यासंगं घ्या, च्यासंगं नको." — आता ही माझी पोर न्हाय तर कोन?

भावकी काय म्हनली म्हाईत हाय? म्हनली, हिंदुराव, विधवेचं म्होतूर हाय ह्ये, म्होतराला कुठं सनई आसती? मोरगावला गनपतीम्होरं दोन हार घाला आन् मोकळं व्हा. म्या म्हनलं, का? चोरी करतोय का आपन? माझ्या घरातनं माझी पोर चाललीय, ती सनईबिगर उंबरा वलांडनार न्हाय. बोलून तर बसलो. आन् घरात शिरलो तर युवराजची आई चुलीम्होरं बसल्याली, तिनं तवा उतरवून खाली ठिवला. भाकरी तशीच कच्ची. ते कडी लावायचं तेवढं म्हनली. मग एका अक्षरानं बोलली न्हाय मला, आज बारावा दिस. म्हून म्हनतोय — मांडवापुरता आवाज.

आसं करू. ती मागं तुमची मालाची खोली हाय न्हवं? मी आत जातो, दार लावतो, तुमी हितं सनई लावा. सांगतो आल्यावर.

…आली ऐकू. मोठी न्हाय, पन आली. कमी करा. आजून. आजून थोडी. ऱ्हावा हितंच, मी पुन्यांदा जातो.

…न्हाय ओ, धूळ हाय तुमच्या खोक्यांवर, डोळ्यात गेली. — शहबाजभाय, एक ध्यानात आलं. मोठी हुती तवा मी नुसता उभा हुतो. बारीक केली तवा मी दाराला कान लावला. कुनी सांगितलं नव्हतं, आपसूक लावला. ती बी लावंल की! आन् आतनं कसं वाटतंय सांगू — लय लांब कुनाच्या तरी घरी लगीन लागतंय आन् आपल्याला आवतान न्हाय. आता कसं करायचं? मोठी केली तरी तिच्या काळजाला लागनार, बारीक केली तरी लागनार. त्या दाराजवळ कुनीतरी बसाय पायजे. मी बसावं खरं तर. पन रेश्मानं मला बांधून घातलंय. कन्यादानाला जोडी लागती, ही बसत न्हाय म्हनल्यावर माझं बी गेलं, तिचं चुलता-चुलती बसत्यात. म्या म्हनलं, पोरी, मग माझं काय काम मांडवात? तर म्हनली, "आबा, सनई तुमी लावायची. तुमी समूर दिसला न्हाय तर मी पाटावर चढायची न्हाय." तेवढंच काम ऱ्हायलंय बघा मला. बटन दाबायचं.

आन् तिनं आसं म्हनावं! शहबाजभाय, तिनं! — तुमाला सांगतो, हे युवराजच्या आईला म्हाईत न्हाय. गेल्या साली एक स्थळ आपनहून आलं हुतं. चांगलं घर, पोरगं नोकरीला, छकुलीला संगं घेऊ म्हनत हुतं. युवराजची आई तवा माळव्याला बाजारात गेल्याली. मी एकटा वसरीवर. आन् मी काय सांगितलं? "पोरीच्या मनात न्हाय, तिला पुन्यांदा इचारू नका." तिला इचारलंच नव्हतं! छकुली माझ्या मांडीवर झोपलेली, तिची गरम मान हितं, ह्या हातावर, आन् मला वाटलं, ही बी जानार, मग घरात युवराजचं ऱ्हायलं काय? म्हून खोटं बोललो. मान वर केली तर दारात रेश्मा, हातात च्याचं ताट. सगळं ऐकलेलं. तिनं काय केलं म्हनता? खाली वाकून पाव्हण्यास्नी च्या दिला. मला बी दिला. "आबा, साकर कमी हाय तुमच्यात," म्हनली. बास. त्यावर वरीसभर एक शबूद न्हाय. रडली आसती, भांडली आसती तर बरं झालं आसतं मला. मग मीच हिंडलो. एसटीनं, पायी, ह्या गावातनं त्या गावात, तवा हा ज्ञानेश मिळाला. गुनाचा हाय. छकुलीला संगं आना, म्हनला, आपनहून म्हनला. नाव ठिवायला जागा न्हाय त्याच्यात. बघितली मी जागा. लय बघितली.

बरं, हेच द्या. पांढरंच. आवाजाचं माझं मी बघतो. — कार्ड? वारंटीचं तिच्याच नावानं करा, मशीन तिच्यासंगंच जानार हाय. लिव्हा, रेश्मा. — पुरं नाव? लिव्हा की. रेश्मा युवराज —

थांबा. युवराज लिव्हू नका. गुरवारपासनं न्हाय ते. — न्हाय, दुसरं बी लिव्हू नका, माझ्या तोंडानं सांगायला नका लावू आज. मदली जागा मोकळी सोडा. आसंल नियम, मोकळी सोडा म्हनलं न्हवं. — पानी नको मला. तुमी पिशवीत घाला. माझी गाडी हाय.