दिगंबरशेठांचं उभं व्रत

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. लाज कशाची धरावी? खोटं बोलायची, की दुखणं सांगायची? आपण नेमकं उलटं करतो!

आमचे दिगंबरशेठ कासार घ्या. विट्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. शेठ मांडी घालून बसणार, समोरच्या बाईचा हात दाबत दाबत बांगडी चढवणार — काच तडकायची नाही. आणि एक दिवस बघावं, तर शेठ उभे! का? बसायच्या जागी झालं भगंदर. आत नळीसारखी वाट पडते, पू येतो, बसलं की ठणका. हसू नका. ज्याला झालंय तो हसत नाहीये, मला इथून दिसतंय!

घरी सांगावं? छे! म्हणाले, "देवीला बोललोय, बसायचं नाही." झालं! लोक पाया पडायला लागले. शेठ जेवणार उभ्यानं, धंदा उभ्यानं. आतून ठणका, बाहेरून आशीर्वाद!

तेवढ्यात लेकीचं, सुमतीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "आबा, चुडा तुम्हीच भरायचा. समोर बसून."

"व्रत आहे गं. काका भरेल."

"मग मी भरणारच नाही."

गावातल्या सगळ्या पोरींचे हात भरले, आणि स्वतःच्या लेकीचा हात दुसऱ्यानं धरायचा? शेठना रडू आलं हो. म्हणाले, "सुमे, व्रत नाही. दुखणं आहे."

पोरीनं लगेच सांगलीला नेलं. तिथं डॉक्टर निघाल्या बाई! शेठ दाराकडे वळले. बाई म्हणाल्या, "काका, बायकांचे हात धरण्यात तुमचा जन्म गेला. त्या लाजल्या का? व्हा आडवे."

तपासण्या झाल्या, नळी कुठून कुठं जाते ते पाहिलं. मग भूल देऊन त्या नळीत बारीक तार घातली. तारेच्या टोकाला लेसर — आतून शेकत शेकत नळी बंद करत आणली. मोठी चिरफाड नाही! बाईंनी बजावलं मात्र, "सगळ्यांना हे चालत नाही, आणि कधी परत उलटतं. दाखवायला येत राहा."

चुड्याच्या दिवशी शेठ पाटावर बसले. मांडी घालून! मांडवात कुजबुज — व्रत मोडलं की काय? शेठनी लेकीचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भगंदर होतं. उपचार केला." आणि हिरवी बांगडी चढवली.

जेवणं झाल्यावर चार जण आले, एकेकटे. डॉक्टरबाईंचा पत्ता विचारायला!

आता तुमचं बोला. इथं कोण कोण अवघडून बसलंय, मी विचारत नाही. पण आज घरी गेल्यावर आपल्या माणसाला खरं सांगा. देवाला ते ठाऊकच आहे हो, घरच्यांना नाही! तेव्हा तोंड उघडा — आत्ता नामासाठी, आणि घरी गेल्यावर दुखण्यासाठी. म्हणा, विठ्ठल!