बुडायला पाणी

नांदूरघाटात सोसायटीच्या टँकरची वाट बघत बसलो होतो. पुढं दोघी बोलत होत्या.

“मार्थाबाई, तुमच्या मंडळीत कुणी पाहुणे प्रचारक आलेत म्हणं. येत्या शुक्रवारी जग बुडणार म्हणत्यात.”

“बुडंल की, सुंदरबाई. पण बुडायला पाणी कुठून आणायचं?”

“मस्करी नका करू. तुमच्याच धर्माचे हायेत न्हाई का ते?”

“हायेत की. पण तो दिवस येशूनं कुणालाच सांगितला न्हाई. ह्यांनाच कावून सांगंल?”

“लई खात्रीनं बोलत होते पण.”

“ती भिंतीकडची लाल कळशी बघा.”

“कुणाची हाय?”

“त्यांचीच. शनिवारच्या टँकरसाठी आत्ताच नंबर लावून गेलेत.”