बायी उघडेना

गोजराबाई : एका पेशंटची केस घ्यायला पाऊण तास, विद्या? डॉक्टर आताच माझ्यापाशी कुरकुर करून गेले. तुला नर्स व्हायचंय की पोथी लिहायचीय?

विद्या : सिस्टर, तुम्हीच शिकवलंत ना, पेशंट बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. ते दातांवर दात ठेवून बोलत होते, अगदी पुटपुटल्यासारखं. एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारावी लागली.

गोजराबाई : कोण हा पेशंट?

विद्या : हंबीरराव म्हणून आहेत, इथल्या शिवाजीनगरला जटका, म्हणजे आपला टांगा, हाकतात. तुमच्यासारखंच मराठी, मधेच कन्नड. पंचावन्नच्या जूनमध्ये वडिलांना इथे टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडून या कन्नड मुलखात आलो, त्याला अजून वर्षही झालं नाही. मला तुमचं मराठी कळायला वेळ लागतो.

गोजराबाई : आम्ही तीनशे वर्सांमागं आलो, म्हणून आमचं मराठी तुम्हाला उष्टं लागतं. सरी, बरं, ते राहू दे. डॉक्टर जाताना हसत का होते?

विद्या : हंबीररावांच्या बायकोनं रात्री दार उघडलं नाही, म्हणून. बिचारे उपाशी तबेल्यात झोपले आणि मान आखडली. मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा डॉक्टरांना हसूच आवरेना. चोळायचं तेल लिहून दिलं आणि घरी जा म्हणाले.

गोजराबाई : आता तू कागदावरचं वाच. जसंच्या तसं.

विद्या : ‘काल रात्री बायी उघडेना. जेवण नाही. सकाळी पण उघडेना. मान ताठ, पाठ ताठ.’ मग मी पाणी दिलं, ते ओठांच्या कोपऱ्यातून गळलं. तेही लिहिलंय.

गोजराबाई : तबेल्यात झोपलो, असं तो म्हणाला?

विद्या : नाही. ते मीच धरून चालले.

गोजराबाई : आणि बायको म्हणाला, की बायी?

विद्या : बायीच. मला वाटलं, बाई म्हणजे बायको. इथे तसं म्हणत असतील.

गोजराबाई : अय्यो, विद्या. कन्नडात बायी म्हणजे तोंड.

विद्या : तोंड?

गोजराबाई : त्याचं तोंड उघडत नाही गे. दातखीळ बसलीय. अंगाला कुठं लागलंय का, विचारलंस?

विद्या : विचारलं होतं. खालच्या ओळीत आहे. दहा दिवसांपूर्वी घोडीला नाल ठोकताना खिळा तळपायात गेला. वर लीद दाबून फडकं बांधलं. सिस्टर, हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आणि मला काहीच कळलं नाही. हा धनुर्वात आहे.

गोजराबाई : रडायला मागाहून वेळ काढू. माणूस कुठं आहे?

विद्या : व्हरांड्यात बाकावर. त्यांचा भाऊ संताजी जटका घेऊन न्यायला येतोय.

गोजराबाई : खडीच्या रस्त्यावर जटक्यात आदळला तर आचके सुरू होतील. घरी पोचायचा नाही तो. चल आधी. हे बघ, बसलाय अजून. हंबीररावअण्णा, उठू नका. बायी किती उघडते, दाखवा बघू.

हंबीरराव : एवढीच, अक्का.

गोजराबाई : विद्या, हात धुऊन ये आणि बोटं घालून बघ. किती जातात?

विद्या : एक. तेही करंगळी.

हंबीरराव : डाक्टर बोलले, तेल लाव. मी जातो. घोडी उपाशी हाय.

गोजराबाई : घोडीचं संताजी बघेल. तुमच्या पायातलं विष अंगात चढतंय. आज घरी गेलात तर उद्या आमच्या हातात काही राहणार नाही.

हंबीरराव : मी मरतो काय, अक्का?

विद्या : अण्णा, तुम्ही बरोबर सांगितलंत. मी चुकीचं ऐकलं आणि डॉक्टरांना चुकीचं सांगितलं. आता जाऊन तसं सांगते त्यांना. मला काय बोलायचं ते बोलू देत. तुम्ही फक्त थांबा.

हंबीरराव : तू लिवत होतीस तवा मला वाटलं, कुणीतरी ऐकतंय. सरी. थांबतो.

गोजराबाई : पळ, विद्या. म्हणावं, आधी सीरम, मग काय ते रागवा. येताना कोपऱ्यातली खोली उघड. पडदे ओढ, कुणी आवाज करायचा नाही; उजेडानं, आवाजानंही आचके येतात. जखम डॉक्टर उघडतील, मी तयारी करते. याचे चिमटे वेगळे उकळायचे, पट्ट्या जाळायच्या, कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय कुणी दुसऱ्या पेशंटला शिवायचं नाही.

(तेवीस दिवसांनी. कोपऱ्यातल्या खोलीचे पडदे उघडलेले.)

हंबीरराव : आज किती?

विद्या : थांबा, नीट बघू दे. तीन. सिस्टर, तीन बोटं उभी जातायत, आणि यांना जरासुद्धा दुखत नाही!

गोजराबाई : परत घाल. मला बघायचंय.

हंबीरराव : किती वेळा घालता? आता चावीन.

गोजराबाई : चावा हो अण्णा, खुशाल चावा. चौथ्या दिवशी बाहेर कुणाच्या हातून भांडं पडलं आणि तुम्ही कमानीसारखे वाकलात, तवा डॉक्टर मला म्हणाले होते, आशा धरू नका. मी धरली होती. ह्या पोरीनं तर बादल्यांच्या कड्यांनासुद्धा चिंध्या गुंडाळल्या.

हंबीरराव : ते सीरम घोड्याच्या रक्ताचं म्हणे?

विद्या : हो. घोड्याला हेच विष थोडं थोडं टोचून तयार करतात.

हंबीरराव : वीस वर्सं घोड्यांना चारा घातला, फुकट नाही गेला. माझ्या बायकोला, रत्नाला आत बोलवा. रागीचं मुद्दे घेऊन सकाळपासून बसलीय बाहेर.

गोजराबाई : नाचणीचा गोळा आहे तो, स्वल्प स्वल्प खायचा. घाईनं गिळलंत तर माझ्याशी गाठ आहे. विद्या, तू चल माझ्याबरोबर. तू रिपोर्टात आपली चूक लिहिलीस, ते डॉक्टरांनी वाचलं.

विद्या : मग? मला काढणार का?

गोजराबाई : काल राऊंडला त्यांनी तुझा तो मराठी कागद माझ्याकडून सगळ्यांसमोर वाचून घेतला. ओळ न ओळ. म्हणाले, हिनं अर्थ चुकीचा लावला आणि मी हसलो. पण हिनं त्या माणसाचा शब्द बदलला नाही, म्हणून माणूस वाचला.

विद्या : असं म्हणाले? सगळ्यांसमोर?

गोजराबाई : डोळे पूस आणि हात धू. बाहेर एक म्हातारी आलीय, पोटात दुखतं म्हणते. बोलायला लागली की थांबत नाही.

विद्या : मग मी पटकन आटपते. डॉक्टर खोळंबतील.

गोजराबाई : विचारलं मी त्यांना. म्हणाले, विद्याचं लिहून होऊ दे, मी बसलोय.