दोन जावांचे खांदे

आखडलेल्या खांद्यावर लाल उजेडाचा उपचार घ्यायला आलेले शिंपीकाका बाकावर ताटकळत बसले होते. शेजारी, त्यांच्या आधी नंबर असलेल्या दोन जावा. दुखणं दोघींचंही तेच.

"ताई, उजेडानं तुमचा हात बराच सुटलाय म्हणे."

"कोण म्हणतं? वेणी घालताना जीव जातो माझा. काल पडदा मात्र तू सर्रकन ओढलास."

"डाव्या हातानं ओढला."

"असेल बाई."

"जिचा हात आधी सुटेल तिनं सासूबाईंना उचलायचं, असं ठरलंय ना? म्हणून विचारलं."

"मग तुझाच सुटू दे. इतकी वर्षं मीच उचललंय."

"आणि मी काय पाय पसरून बसले होते?"

"त्यांच्या लेकांचे खांदे तर धडधाकट आहेत."

"त्यांना आईला संडासला न्यायची लाज वाटते."

"आज सकाळी कुणी नेलं मग?"

"कुणीच नाही. म्हणाल्या, तुमचे हात बरे होईपर्यंत मी पाणीच पीत नाही, म्हणजे उठवायला नको."

आतून हाक आली, "पुढचं कोण?" दोघीही उठल्या नाहीत.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? बरं म्हटलं."