चहा कुठून येतो?

चहा मागितला होता हो मी, फक्त चहा! अद्रक टाकून, अर्धा कप! तं आमची बायको माह्यासमोर गुडघे टेकून बसली, मान तिरपी केली, आन् साखरेच्या आवाजात म्हणते, 'सांगा बरं, चहा कुठून येतो?'... अवं, सैपाकघरातून येतो, आणखी कुठून! तं टाळ्या वाजवून म्हणते, 'छान प्रयत्न! अजून विचार करा बरं!' सक्करदऱ्यात गाड्या दुरुस्त करता करता केस पांढरे झाले माहे, मी काय लेकरू आहो का?

तुम्हाले सांगतो, आमची दीपमाला अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवणं, पोट्ट्यायचे नाकं पुसणं, सगळं तिच्याकडं. आता तिथल्या सेविका, यमुताई, रिटायर होऊन राहिल्या. मले वाटलं, बसली आपली दीपमाला त्यायच्या खुर्चीवर. कायची बसते! बारावी पाहिजे म्हणे. बरं, केली तिनं बारावी, पोरीच्या वयाच्या पोरीयमध्ये बसून केली! तं आता बालशिक्षणाचं ट्रेनिंग पाहिजे, आन् शेवटी मोठ्या मॅडमसमोर पाठ घेऊन दाखवा! नापास झाली तं बाहेरची कोणी येईन, आन् ही तिच्या हाताखाली खिचडीच ढवळत राहीन. म्हणून घरी प्रॅक्टिस. पोरगा पुण्याले, पोरगी सासरी, घरात लेकरू म्हणून उरलं कोण?... मी!

'ओरडायचं नाही, आयतं उत्तर द्यायचं नाही, बालकाला बोलतं करायचं,' असं शिकवतात म्हणे तिथं. बोलतं? लग्न झाल्यापासून मले चूप बसवलं हिनं, आन् आता बोलतं करून राहिली! चप्पल कुठं आहे विचारलं, तं 'आपण मिळून शोधू या का?' भाजीत मीठ नाई म्हणलं, तं 'मीठ नसलं की कसं वाटते तुम्हाले?' अळणी वाटते वं, आणखी कसं वाटन! एक दिवस बरोबर उत्तर दिलं तं कपाळावर कागदाची चांदणी चिकटवली. तसाच दुकानात गेलो. शेजारचे नत्थूजी म्हणतात, 'काहून गा गिरिधर, आज वाढदिवस आहे का?' आन् चहा? चहा नाईच!

मंग पाठाचा दिवस आला, आन् ही पाठात दाखवायची बाहुली घरीच विसरली! मी गाडी काढून पळालो. दारात पोचतो तं आत सामसूम. मोठ्या मॅडम खुर्चीवर, समोर पोट्टे चिडीचूप. एरवी छप्पर उडवणारी खुशी, ते बी फ्रॉकात तोंड लपवून! दीपमाला विचारून राहिली, 'सांगा बरं, चहा कुठून येतो?' कोणीच बोलत नाई. पुन्हा विचारते... आवाज कापून राहिला तिचा. चालली नं तिची खुर्ची डोळ्यांदेखत! आन् काय झालं माहीत नाई, माहा हातच वर गेला.

'मॅडम, मी सांगू? मळ्यातून येतो! पाला खुडतात, वाळवतात... आन् अद्रक जमिनीतून!'

खुशीनं तोंड बाहेर काढलं. 'चूक! चहा ठेल्यावरून येते!' दुसरा म्हणते, 'गायीतून येते!' तिसरा म्हणते, 'गायीतून दूध येते बे!' आन् जो कल्ला झाला, मॅडमले कान झाकावे लागले! हसत विचारतात, 'हे मागचं बालक कोणाचं?' दीपमाला लाजून लाल. 'माझे मिस्टर आहेत, मॅडम.' तं मॅडम म्हणतात, 'छान बोलतं केलंय हो यांना!'

पास झाली! काल ऑर्डर आली. खोटं काहून सांगू, डोळे भरून आले माहे. घरी ऐटीत बसलो, म्हणलं, सेविकाबाई, आता तं चहा पाजाल? तं म्हणते, 'मॅडम म्हणल्या आता डिप्लोमा बी करा.' आन् टेकवले नं गुडघे! केली नं मान तिरपी! 'सांगण्यापेक्षा करून दाखवा बरं, चहा कसा करतात?'

केला मंग. दोघांसाठी केला. अद्रक बी मीच किसलं. हे पाहा नं कपाळावर... दोन चांदण्या भेटल्या.